सिग्नल येत नाही तेव्हा

बॉनेट उघडा, पण लगेच कशाला हात लावू नका. इंजिन बंद आहे. पाने, स्क्रू-ड्रायव्हर बाजूलाच राहू द्या. सुरुवातीची काही मिनिटं फक्त बघायचं आहे. श्वास संथ होऊ द्या.

समोर मर्सिडीज १९० ई आहे. हे मॉडेल १९८२ च्या अखेरीस आलं. हिच्यात बॉशची केई-जेट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली आहे. पिंपरीत १९९५ मध्ये मर्सिडीजची जुळणी सुरू झाली, तेव्हा तिथल्या ई २२० मध्ये पुढच्या पिढीचं इंजेक्शन आलेलं होतं. समोरची गाडी त्याआधीच्या काळातली आहे.

डावीकडच्या मडगार्डच्या आतल्या अंगाला फिरकीचं झाकण असलेलं एक गोल, काळं सॉकेट दिसेल. त्याला एक्स ११ म्हणतात. दोन नंबरच्या पिनला अर्थ, तीन नंबरच्या पिनवर सिग्नल. मीटर ड्यूटी सायकलवर ठेवून तिथे लावलं, की इंजेक्शनचं कंट्रोल युनिट टक्केवारीत बोलतं. इंजिन बंद ठेवून नुसतं इग्निशन ऑन केलं, तर गाडीच्या आवृत्तीप्रमाणे ७० किंवा ८५ हा स्थिर आकडा यायला हवा. लॅम्डा सेन्सर असलेल्या गाडीचं इंजिन गरम होऊन चालू लागलं, की आकडा पन्नाशीच्या आसपास सतत खालीवर होतो. तो हलता आकडा म्हणजे तब्येत ठीक असल्याची खूण.

आज आकडाच येत नाही.

इथे थांबा. मनात पहिला विचार कोणता आला, तो नीट पाहा. ‘कंट्रोल युनिट गेलं’ हाच ना? जुन्या गाडीत ते मिळणं कठीण, मिळालं तर महाग, म्हणून भीतीही लगेच मागोमाग येते. हा विचार घालवू नका, खराही मानू नका. तो बाजूला बसू द्या. त्याची पाळी शेवटी येणार आहे.

आता सिग्नल कुठून निघतो, ते मनात सावकाश उभं करा. इंजिन हवा ओढतं. त्या हवेने एक गोल तबकडी खाली दाबली जाते. तबकडीचा दांडा फ्युएल डिस्ट्रिब्यूटरमधला प्लंजर वर ढकलतो, आणि साधारण साडेपाच बार दाबाचं पेट्रोल मापात इंजेक्टरकडे जातं. हा सगळा भाग यांत्रिक आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या कुशीला दोन स्क्रूंनी बसवलेला एक छोटा अ‍ॅक्च्युएटर आहे. कंट्रोल युनिट त्याला काही मिलिअँपिअर करंट देतं आणि मिश्रण थोडं पातळ किंवा घट्ट करतं. एक्झॉस्टमधला लॅम्डा सेन्सर सुमारे तीनशे अंश तापला, की मिश्रण कसं आहे ते कळवायला लागतो.

म्हणून इलेक्ट्रॉनिक्स पूर्ण गप्प झालं तरी ही गाडी बहुतेक वेळा चालते. पिकअप मार खातो, थंडीत सुरू व्हायला त्रास देते, पेट्रोल जास्त पिते, पण चालते. या गोष्टीवर थोडा वेळ मन ठेवा. गाडी चालते आहे, यावरून सगळं ठीक आहे असं ठरत नाही. सिग्नल नाही, यावरून काही मेलं आहे असंही ठरत नाही. मीटर अगदी शून्य दाखवो किंवा अगदी शंभर, हालचाल नसेल तर दोन्हींचा अर्थ सारखाच: बातमी आलेली नाही.

बातमी का येत नाही? युनिट बिघडल्याची शंका बाजूला ठेवली, तर तीनच कारणं उरतात. ऐकणाऱ्याला ऐकू येत नाही, बोलणाऱ्याला बळ नाही, किंवा वाट तुटली आहे. यातल्या ऐकणाऱ्यापासून, म्हणजे स्वतःपासून सुरुवात करू.

मीटर आधी बॅटरीवर लावा. साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवतंय ना? मग ते जिवंत आहे. ड्यूटी सायकलचं बटण खरंच दाबलं आहे का? काही मीटर ही टक्केवारी उलटी मोजतात, सत्तरचे तीस दाखवतात, हेही ध्यानात ठेवा. प्रोबचं टोक पिनच्या धातूला टेकलं आहे, की वर्षानुवर्षं चढलेल्या हिरवट थराला? आणि एक महत्त्वाचा प्रश्न: या गाडीत लॅम्डा सेन्सर मुळात आहे का? काही देशांसाठी त्याशिवायच्या गाड्या बनत. त्यांच्याकडून हलत्या आकड्याची अपेक्षा करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आता बळ. बॅटरीच्या मागच्या कप्प्यात ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन रिले असतो, डोक्यावर दहा अँपिअरचा फ्यूज घेतलेला. कंट्रोल युनिटला करंट याच्यातून मिळतो, एबीएसलाही. म्हणून एकदा डॅशबोर्डकडे नजर टाका. एबीएसचा दिवा विझत नसेल, तर बोट याच रिलेकडे जातं.

फ्यूज काढून बघा. तार शाबूत असेल, तरी पाती काळवंडलेली असू शकतात. मग रिले उपसा, कवच सोडवा आणि सर्किटची खालची बाजू उजेडात धरा. भिंग घ्या. एकेक पिन, प्रत्येकीभोवती सोल्डरचा छोटा चकचकीत डोंगर. घाई न करता एकेकावरून नजर फिरवा. एखाद्या पिनच्या मुळाशी, अगदी गोल, केसाएवढी काळी रेघ दिसेल. सोल्डर तिथे तडकलेलं आहे. गार असताना टेकतं, तापलं की सुटतं. इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षं तापून गार होत त्या जोडाने दम सोडला, आणि त्याच्यापुढे असलेलं धडधाकट युनिट मुकं झालं.

रिले ठीक निघाला, तर अर्थ पाहा. युनिटच्या अर्थ वायरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, इग्निशन ऑन ठेवून, व्होल्टेज मोजा. ते जवळजवळ शून्यच हवं. करंट पोचतो पण परतत नाही, अशीही गाडी असते. त्यानंतर वाट: इग्निशन बंद करा, युनिटचा प्लग काढा आणि तिथून एक्स ११ च्या तीन नंबरच्या पिनपर्यंत वायर सलग आहे का, ते तपासा. इतकं सगळं नीट निघालं, तरच त्या बाजूला बसवलेल्या पहिल्या विचाराला पुढे बोलवा. आता तो भीतीतून आलेला नसेल, तपासून आलेला असेल.

आता हात पुसा आणि थोडं स्वस्थ बसा.

आपल्या आयुष्यातही कुणीतरी असं गप्प झालेलं असतं. रोज फोन करणारा मित्र, जेवताना दिवसभराचं सांगणारी मुलगी, घरातले वडील. काम चाललेलं असतं, म्हणून आपण बघत नाही. बघितलं तर चटकन निकाल देतो: हा बदलला, हिला घमेंड आली, यांचं आता वय झालं. त्या एका माणसाला मनासमोर आणा. तेच तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारा. मी ऐकायच्या जागी आहे का? त्याला बोलायचं बळ कुठून मिळत होतं, आणि ते अजून मिळतंय का? आमच्यातली वाट कुठे तुटली? उत्तर आजच मिळायला हवं असं नाही. क्रम मात्र मोडू नका, कारण माणसाला दोष देणं हे सगळ्यात महाग निदान आहे आणि बहुतेकदा सगळ्यात आधी तेच केलं जातं.

गाडी असो की माणूस, मौनाला उत्तर समजू नका. आधी आपलं मीटर तपासा, मग त्याला बळ पोचतंय का ते बघा. बदलायची भाषा त्यानंतर.