गाडीला नाव ठेवताना



आजचं वाचन शल्यपर्वातलं. दुर्योधन पडलाय, युद्ध संपलंय. कृष्ण अर्जुनाला म्हणतो, गांडीव आणि भाते घेऊन आधी तू उतर, मी मागून उतरतो. अर्जुन उतरतो. मग कृष्ण उतरतो, ध्वजावरचा कपी दिसेनासा होतो आणि रथ भडकन पेटतो. घोडे, जू, सगळ्यासकट राख! (घोड्यांचं वाचून मला दरवेळी वाईट वाटतं.) कृष्ण सांगतो, द्रोण-कर्णाच्या अस्त्रांनी हा रथ कधीच जळला होता, मी बसलो होतो म्हणून टिकला.

हे आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या ग्रुपवरचा वाद. समर्थांच्या अकरा मारुतींना आम्ही दरवर्षी जातो: सातारा जिल्ह्यात सात, सांगलीत बहे आणि शिराळा, कोल्हापुरात मनपाडळे आणि पारगाव. गाडी तीच, जुनी वडापची जीप. मागचं दार दोरीने बांधलेलं, दुसरा गिअर तिच्या मर्जीने पडतो. आजवर सगळ्यांनी तिला नुसती नावं ठेवली. यंदा नाव ठेवायचं ठरलंय. पुष्पक, गरुड, कपिध्वज असे तीन पर्याय आहेत. एक जण म्हणाला, "नाव ठेवू नका रे, मग भंगारात द्यायला जीव होणार नाही."

त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रथ अग्नीच्या सांगण्यावरून वरुणाने दिला होता, खांडववनाच्या वेळी. काम झालं, अग्नीतच गेला. कृष्णाने तो वाचवायचा प्रयत्न केला नाही. पण जयद्रथाच्या दिवशी, भर रणांगणात, त्याच कृष्णाने घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण काढले, त्यांना पाणी पाजलं. काम चालू आहे तोवर इतकी काळजी, आणि संपल्यावर हात मोकळा. मला यातलं पहिलं जमतं, ऑइल मी वेळेवर बदलतो. दुसरं अजून अवघड जातं. जीपचं पासिंग पुढच्या वर्षी संपतंय, तेव्हा कळेलच.

आता नावाचं. गीतेच्या पहिल्या अध्यायात 'कपिध्वज' हा शब्द आहे, पण तो रथाचं नाव म्हणून येत नाही. ज्याच्या ध्वजावर कपी आहे तो, म्हणजे अर्जुन. नाव गाडीला नाही, आत बसलेल्याला लागलंय, आणि तेही वर कोण बसलंय त्यावरून. म्हणजे काचेवर 'कपिध्वज' रंगवलं तर ते आपल्या नऊ जणांच्या अंगावर येणार. मग तासवड्याच्या टोल नाक्यावर रांग लागली म्हणून शिव्या द्यायच्या नाहीत, आणि दार ओढताना जीपच्या आईबापाचा उद्धार करायचा नाही.

एवढं झेपणार असेल तर माझं मत कपिध्वजला. नाहीतर पुष्पक ठेवा, त्यात काही अटी नाहीत.

शनिवारी पहाटे पाचला सांगलीहून निघू. पहिलं दर्शन बह्याचं, कृष्णेच्या बेटावरच्या मारुतीचं. दोरी नवीन आणली आहे.