राखणदाराचा पहिला प्रश्न

घरात चोरी झाली तर शेजारीपाजारी धावत येतात. कडी कशी तुटली, कपाट कसे उचकटले, काय काय गेले याची विचारपूस होते. कोणी पाण्याचा तांब्या पुढे करतो, कोणी पोलीस चौकीपर्यंत सोबत येतो. 'ही चोरी तूच केली नाहीस कशावरून?' असा प्रश्न घरधन्याला कोणी विचारीत नाही. अलीकडे मात्र चोरीचा एक असा प्रकार आपल्या जीवनात शिरला आहे की त्यात नेमका हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, आणि तो विचारणारा असतो ज्याच्या हाती आपण आपले धन विश्वासाने सोपविले तो राखणदार. या प्रश्नाचा नैतिक अर्थ काय, याचा विचार करावा असे बरेच दिवस मनात होते. त्याला निमित्त झाले ते एका निवृत्त शिक्षकाचे. मी त्यांना केवळ 'मास्तर' म्हणेन.

२०१९ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. एका शनिवारी सायंकाळी मास्तरांचा मोबाइल अचानक मुका झाला. पावसामुळे टॉवर बंद पडला असावा, असे समजून ते स्वस्थ राहिले. सोमवारी दुकानात गेले तेव्हा कळले की, त्यांच्या नावाने दुसऱ्याच एका शहरात नवे सिम कार्ड दिले गेले होते. कोणीतरी त्यांच्या कागदपत्रांच्या बनावट प्रती दाखवून 'माझे सिम हरवले' असे सांगितले होते. त्या क्षणापासून मास्तरांना येणारा प्रत्येक संदेश त्या अनोळखी माणसाच्या हाती पडत होता. बँकेचा ओटीपीही त्यालाच मिळाला. त्याच्या बळावर त्याने पासवर्ड बदलला आणि रविवार संपण्यापूर्वी तीन लाख चाळीस हजार रुपये काढून घेतले. मास्तर त्याच दुपारी पासबुक घेऊन बँकेत धावले. तेथे त्यांना मिळालेले उत्तर असे: 'व्यवहार अचूक पासवर्ड आणि अचूक ओटीपी टाकून झालेला आहे. त्यामुळे तो तुम्हीच केला, अथवा गुप्त माहिती तुम्हीच कोणाला तरी दिली.'

त्यानंतरचे चक्र अनेक वाचकांच्या परिचयाचे असेल. बँक म्हणाली, आधी पोलिसांत तक्रार नोंदवून आणा. पोलीस म्हणाले, आधी बँकेचे पत्र आणा. फोन कंपनी म्हणाली, आमच्याकडे कागदपत्रे रीतसर आली होती. 'तक्रार निवारण कक्ष' असे भारदस्त नाव असलेल्या खात्यात फोन केला की प्रत्येक वेळी नवा आवाज येई, आणि प्रत्येक आवाजाला सगळी हकीगत पहिल्यापासून सांगावी लागे. आणि त्याआधी तो आवाज विचारी: 'आपली ओळख पटविण्यासाठी नोंदणीकृत मोबाइलवर आलेला क्रमांक सांगा.' ज्याचा मोबाइल क्रमांकच चोरीस गेला आहे त्याला हे विचारले जात होते!

येथे मला माझी स्वतःची एक चूक नमूद केली पाहिजे. त्या सोमवारी रात्री मास्तर चिंब भिजून माझ्याकडे आले. त्यांनी सर्व सांगितले. ऐकून घेतल्यावर मी पहिला प्रश्न काय विचारावा? 'मास्तर, तुम्ही तो नंबर कोणाला सांगितला नव्हता ना?' त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. काही क्षणांनी ते म्हणाले, 'फादर, तुम्हीसुद्धा?' मी तो प्रश्न काळजीपोटी विचारला होता, तरी तो बँकेच्याच मुखातला प्रश्न होता, हे मला घरी कोणी नसताना, दिवा मालवल्यानंतर उमगले.

दुसऱ्याच्या नावाने वावरणारा माणूस ही काही आजची निर्मिती नव्हे. मराठी भाषेला त्यासाठी स्वतंत्र शब्द घडवावा लागला नाही. 'तोतया' हा शब्द आपल्या इतिहासातच रुजलेला आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, आणि काही वर्षांनी 'मीच भाऊसाहेब' म्हणणारा एक मनुष्य उभा राहिला. त्याच्यामागे फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर १७७६ साली त्याला पुण्यात देहान्त शिक्षा झाली. त्या काळी माणसाची ओळख माणसांच्या स्मृतीत राहत असे. तोतया उघडा पाडायचा तर खऱ्या माणसाला पाहिलेले, त्याच्याशी बोललेले लोक शोधावे लागत. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत मनुष्याच्या ओळखीचा प्रश्न विस्ताराने मांडला. माणूस काल होता तोच आज आहे, हे त्याच्या जाणिवेच्या व स्मृतीच्या सातत्यावरून ठरते, असे त्याचे प्रतिपादन होते. आणि 'व्यक्ती' ही संज्ञा मूलतः न्यायव्यवहाराची आहे, कर्माचे श्रेय आणि दोष कोणाच्या पदरी घालावा हे ठरविण्यासाठी ती आहे, असेही त्याने म्हटले. आज यंत्राने हे नाते उलटे केले आहे. मास्तरांना आपले सारे आयुष्य आठवते. परंतु सहा अंकी क्रमांक दुसऱ्याच्या हाती असल्याने कर्ता तो आणि कर्माचा दोष मात्र मास्तरांच्या माथी!

पवित्र शास्त्रात या विषयावरची फार जुनी कथा आहे. उत्पत्तीच्या २७व्या अध्यायात वृद्ध इसहाकाची दृष्टी मंदावलेली आहे. थोरल्या एसावाला आशीर्वाद द्यायचा आहे. धाकटा याकोब भावाची वस्त्रे अंगावर घालतो, हातांना व मानेला करडांचे कातडे गुंडाळतो आणि बापासमोर उभा राहतो. इसहाक काही निष्काळजी नाही. त्याला आवाजाची शंका येते. तो हात चाचपून पाहतो, वस्त्रांचा वास घेतो, पुन्हा विचारतो. आजच्या भाषेत तो तीन-तीन वेळा ओळख पडताळून पाहतो, आणि तरीही फसतो. थोड्याच वेळात खरा एसाव शिकार घेऊन येतो. त्या क्षणी इसहाकाने काय केले? 'तू तर मघाशीच येऊन आशीर्वाद घेऊन गेलास, माझ्या बोटांना तशी खूण पटली होती,' असे तो म्हणाला नाही. तो थरथर कापू लागला. दुसऱ्याच कोणी तरी कपटाने आशीर्वाद नेला, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले. गेलेला आशीर्वाद परत आला नाही. एसावाचा आक्रोशही थांबला नाही. परंतु त्याच्या खरेपणावर संशय घेतला गेला नाही. फसलेला बाप थरथरला. फसलेली बँक मात्र थरथरत नाही. ती नोंदवही उघडते आणि म्हणते, आमच्या नोंदीप्रमाणे एसाव येऊन गेला आहे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बँकेकडे येणारा प्रत्येक तक्रारदार सत्यवादी असतो असे नाही. स्वतःच पैसे काढून 'चोरी झाली' म्हणून ओरडणारेही असतात. बँकेची तिजोरी म्हणजे अखेर इतर ठेवीदारांचेच धन; ते मागेल त्याला वाटून देणे हाही अन्यायच. शिवाय फोनवर बोलणारा तो तरुण वा ती तरुणी दुष्ट नसते. समोरच्या पडद्यावर जे वाचायला दिलेले आहे ते ती वाचते. त्याबाहेर एक शब्द बोलण्याचा अधिकार तिला नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ सालच्या आपल्या विश्वपत्रात 'पापाच्या संरचना' असा शब्दप्रयोग केला होता. कोणा एकाची दुष्ट इच्छा नसतानाही व्यवस्थाच अशी रचली जाते की तिच्यातून दुर्बळावर अन्याय होत राहतो. प्रत्येक जण आपले काम चोख करतो, आणि अन्यायही चोख होतो.

मग संशयाचे ओझे कोणी वाहावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला निर्गमाचा २२वा अध्याय आठवतो. शेजाऱ्याने राखावयास दिलेली वस्तू घरातून चोरीस गेली आणि चोर सापडला नाही, तर तेथे घराच्या धन्याने, म्हणजे राखणदाराने, देवासमोर यावे आणि शेजाऱ्याच्या मालाला आपण हात लावला नाही हे दाखवावे. राखावयास दिलेले जनावर चोरीस गेले तर त्याने भरपाई करावी. ज्याची वस्तू गेली त्याला कोणी शपथ घ्यायला लावीत नाही. या नियमामागे साधे व्यवहारज्ञान आहे. कुंपण राखणदाराने घातले, दाराची किल्ली त्याच्याजवळ, त्या रात्री काय घडले हे पाहण्याची सोयही त्याच्याजवळच. ज्याला पाहता येते त्यानेच दाखविले पाहिजे. मास्तरांना बँकेच्या संगणकात डोकावता येत नव्हते. सिम बदलल्यावर काही तासांतच पासवर्ड बदलला गेला आणि लगेच मोठ्या रकमा बाहेर गेल्या, या नोंदी बँकेच्या व फोन कंपनीच्या घरातल्या होत्या.

आश्चर्य असे की, आपल्या देशाचा नियमही हेच सांगत होता. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने काढलेल्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार स्पष्टपणे बँकेवर टाकलेला होता. दोष बँकेचा नाही, ग्राहकाचाही नाही, व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळविले तर त्याची जबाबदारी शून्य. तक्रार आल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करावी आणि नव्वद दिवसांत निकाल लावावा, असेही त्यात होते. मास्तरांनी तर पहिल्याच कामकाजाच्या दिवशी कळविले होते. खरे पाहता त्यांचे ते तीन दिवस सुरूच झाले नव्हते. कारण बँकेची सूचना एसएमएसने गेली होती, आणि तो एसएमएस चोराला मिळाला होता! हे परिपत्रक त्या शाखेत कोणी मास्तरांना दाखविले नाही. ते आम्हाला महिन्याभराने एका वकील मित्राकडून समजले. नियम असणे आणि नियम पीडिताच्या हाती असणे यांत केवढे अंतर आहे!

परंतु येथे थांबून चालणार नाही. समजा, मास्तरांनी खरोखरच कोणाच्या गोड बोलण्याला भुलून तो क्रमांक सांगितला असता तर? धर्मगुरू म्हणून अशी माणसेही मला भेटली आहेत. ती खाली मान घालून येतात, घरच्यांनाही सांगत नाहीत. नीतिशास्त्र चूक आणि दोष यांत भेद करते. पूर्ण ज्ञान आणि पूर्ण संमती असल्याशिवाय दोषाचे पूर्ण माप कोणाच्या पदरी घालता येत नाही. फसलेल्याने संमती दिली ती चोराला नव्हे. बँकेचा अधिकारी म्हणून उभ्या राहिलेल्या सोंगाला दिली. इसहाकाला आपण दोषी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून याच विचाराच्या जवळ जाणारी पद्धत लागू झाली. फसवणुकीने स्वतःच्या हाताने पैसे पाठविलेल्या ग्राहकालाही ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई मिळते आणि तिचा भार पैसे पाठविणारी व स्वीकारणारी अशा दोन्ही संस्था निम्मा-निम्मा उचलतात. ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा असल्यास भरपाई नाकारता येते, पण तो संस्थेने सिद्ध करायचा. आणि दुर्बळ परिस्थितीतील ग्राहकाला तीही अट लागू नाही. चोराला खाते उघडून देणारी बँकही या पापातून सुटत नाही, हा त्यातला भाग मला विशेष न्याय्य वाटतो.

मास्तरांनी अखेर बँकिंग लोकपालाकडे अर्ज केला. लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवा न्यायाधीशाचे दार ठोठावत राहिली, तसे ते प्रत्येक कागदाची पोच सांभाळीत, प्रत्येक फोनची तारीख वहीत टिपीत राहिले. अकराव्या महिन्यात रक्कम जमा झाली. सोबत दोन ओळींचे पत्र होते: प्रकरणातील जबाबदारी मान्य न करता, केवळ सद्भावनेपोटी ही रक्कम देण्यात येत आहे. मास्तर ते पत्र घेऊन आले. मी अभिनंदन केले. ते म्हणाले, 'पैसे दिले, फादर. पण मी खरं बोललो होतो, असं त्यांनी कुठंच लिहिलं नाही.'

संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेडीचा विचार न्यायाच्या प्रकरणात केला आहे, दयेच्या नव्हे. आणि परतफेड केवळ धनाची नसते, हिरावलेल्या नावाचीही असते, हे त्यांनी सांगितले आहे. जे देणे आहे ते 'सद्भावना' म्हणून देणे म्हणजे न्यायाला भिक्षेचे रूप देणे होय. तोतयाने मास्तरांचे नाव एका रविवारापुरते चोरले होते. राखणदाराने ते अकरा महिने संशयाखाली ठेवले आणि शेवटी परत केले नाही.

वाचकहो, उद्या आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला तर व्यवहाराच्या गोष्टी विसरू नका. तत्काळ बँकेला कळवून तक्रार-क्रमांक घ्यावा, १९३० या क्रमांकावर फोन करावा, प्रत्येक गोष्ट लेखी करावी. यात लाजण्यासारखे काही नाही. दडवून ठेवलेला प्रत्येक तास चोराच्या उपयोगाचा असतो. परंतु तसा कोणी आपल्याच दारी आला तर आपण कोणता प्रश्न आधी विचारावा, हे आजच ठरवून ठेवू या. मास्तरांच्या नंतर माझ्याकडे अशी चार-पाच माणसे आली. 'तुम्ही नंबर सांगितलात का?' हे मी आता पहिल्यांदा विचारीत नाही. आधी खुर्ची देतो, आणि विचारतो, 'जेवलात का? कधी कळलं तुम्हाला?' उरलेले सत्य मग तेच सांगतात, सगळेच्या सगळे, आपली चूक असली तर तीही.