मोकळा झालेला डावा हात

गाडी शिकायला निघालेल्या माणसासमोर आज पहिलाच प्रश्न उभा राहतो : मॅन्युअल की ऑटोमॅटिक? पूर्वी आपल्याकडे बहुतेकांना हा प्रश्न पडतच नसे. ऑटोमॅटिक गाड्या महाग होत्या आणि शिकण्याचा रस्ता क्लचवरूनच जात होता. 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओ ही लहान गाडी आपोआप गिअर बदलणाऱ्या एएमटी गिअरबॉक्ससह आणली आणि क्लच न दाबता चालणारी गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आता विजेवरच्या गाड्यांत तर क्लचचा पत्ताच नसतो.

प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर बहुतेक वेळा भलताच कोणी देऊन टाकतो. तरुण मुलाला सांगितले जाते, ‘खरं ड्रायव्हिंग गिअरच्या गाडीचंच.’ त्याच्या आईला सांगितले जाते, ‘तुम्हाला आपली ऑटोमॅटिकच बरी.’ दोन्ही सल्ल्यांत शिकणाऱ्याचा विचार थोडा आणि सांगणाऱ्याचा समजच जास्त. ती आई रोज कोणत्या रस्त्याने जाणार, घरात कोणती गाडी आहे, सुट्टीत गावाकडे घाट लागतो का, हे कोणी विचारत नाही.

कायदाही विचारत नाही. दुचाकीचे लायसन्स काढताना गिअरची आणि बिनगिअरची असे दोन वेगळे वर्ग आहेत. मोटारीला तसा भेद नाही. हलक्या मोटारीचे लायसन्स एकच. जपानमध्ये 1991 पासून फक्त ऑटोमॅटिकपुरते वेगळे लायसन्स मिळते. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर त्या लायसन्सवर मॅन्युअल गाडी चालवता येत नाही. आपल्याकडे ऑटोमॅटिकवर हात बसलेला माणूस उद्या मित्राची मॅन्युअल गाडी घेऊन खंबाटकी घाटाच्या चढाला लागला, तर कागदोपत्री त्यात काही गैर नाही. म्हणूनच आपल्याला नेमके काय येते, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे स्वतःला विचारायला हवे.

मॅन्युअल गाडीत सुरुवातीला सगळा जीव पायात गोळा झालेला असतो. क्लच हळूहळू सोडताना एका ठिकाणी गाडी हलकेच थरथरते. तिथे पाय थांबवायचा, दुसऱ्या पायाने थोडी रेस द्यायची. चढावर हँडब्रेक ओढलेला, गाडी हाफ क्लचवर तोललेली, आणि मग अलगद हँडब्रेक सोडायचा. पाय जरा लवकर उचलला की गाडी झटका खाऊन बंद. मागे हॉर्न वाजू लागतात, तळहाताला घाम फुटतो. या दिवसांत आरशात बघायचे भानच राहत नाही. शेजारी बसलेल्या सरांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर असतो म्हणून निभावते. मग कधीतरी पाय आपले आपण काम करू लागतात. इंजिनाच्या आवाजावरून गिअर बदलायची वेळ कळते. यंत्राशी जुळलेली ही ओळख मोलाची आहे, आणि कष्टाने मिळते म्हणून ती टिकतेही.

ऑटोमॅटिक गाडीत हे लक्ष पहिल्या दिवसापासून मोकळे असते. आरसा, सिग्नल, मध्येच आडवी येणारी रिक्षा, फुटपाथवरून उतरणारे मूल, सगळ्याकडे बघायला सवड मिळते. म्हणून ही गाडी सोपी, पण तिच्या सोपेपणालाही शिस्त लागते. अशा बहुतेक गाड्या ब्रेकवरून पाय काढताच रेस न देताही पुढे सरकू लागतात. रेस आणि ब्रेक दोन्ही उजव्याच पायाने. डाव्याने मध्ये यायचे नाही. घाबरून ब्रेकऐवजी रेसवर पाय पडला तर गाडी झेपावते. मॅन्युअलमध्ये दचकलेला माणूस डाव्या पायाने क्लचही दाबतो आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. ऑटोमॅटिकमध्ये तो बचाव नाही.

घाटात तर दोघांनाही एकच धडा लागतो. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या ड्रायव्हरांचे सांगणे आजही खरे आहे. उतारावर इंजिनच गाडीला आवरून धरते. ऑटोमॅटिकमध्येही खालच्या गिअरची सोय बहुधा असते, पण ती कशी वापरायची हे कितीजणांनी शिकून घेतलेले असते? आणि पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे : आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की वेग असेपर्यंत इंधनाचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रल केल्यावर उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागते. म्हणजे बचत काहीच नाही, धोका मात्र पुरता.

ऑटोमॅटिकला कमी लेखणाऱ्यांनी पुण्याचा अनुभव आठवून बघावा. 1984 च्या सुमारास कायनेटिक होंडा ही स्कूटर आली. क्लच नाही, हाताने गिअर बदलणे नाही, किक मारण्याची सक्ती नाही. त्या स्कूटरने आणि तिच्यामागून आलेल्या बिनगिअरच्या गाड्यांनी कितीतरी मुलींना, नोकरदार बायकांना बसच्या वेळापत्रकातून सोडवले. या मुली-बायका गर्दीतून वाट काढतात, पावसात खड्डे चुकवतात, मुलांना शाळेत सोडून वेळेवर कामावर पोचतात. त्यांना गाडी चालवता येत नाही असे म्हणायची कोणाची हिंमत आहे? सोप्या साधनाने माणूस कच्चा राहत नाही. सोपेपणामुळे हाती आलेली सवड तो कुठे खर्च करतो, यावर त्याचे पक्केपण ठरते.

मला काळजी वाटते ती इथेच. आपल्याकडे गिअरचा दांडा डाव्या हाताला असतो. ऑटोमॅटिकने तो हात मोकळा केला, आणि सिग्नलला उभ्या गाड्यांत जरा डोकावले तर त्या हातात काय आले आहे ते दिसते : मोबाईल. सिग्नल सुटला तरी तो सुटत नाही. यंत्राने आपले एक ओझे उतरवले ते रस्त्याकडे अधिक लक्ष देता यावे म्हणून. ते लक्ष आपण दुसरीकडे उधळले, तर समोरून रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर आपण आपली सोय विकत घेतली असे होईल.

तेव्हा निवड लाजेने करू नका आणि तोऱ्यानेही करू नका. घरात मॅन्युअल गाडी असेल, नोकरीत मिळेल ती गाडी चालवावी लागणार असेल, तर मॅन्युअलवरच शिका. सुरुवातीच्या धक्क्यांना भिऊ नका. रोजची वाट शहरातल्या कोंडीतून असेल, घरात ऑटोमॅटिक असेल, पाय दुखत असतील किंवा वय झाले असेल, तर बिनदिक्कत ऑटोमॅटिकवर शिका. त्यात कमीपणा नाही. मात्र एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना लायसन्सच्या भरवशावर राहू नका. जाणत्या माणसाला शेजारी बसवा, मोकळ्या मैदानावर नव्याने सराव करा, मगच रस्त्यावर या. आणि गाडी कोणतीही असो, मोकळा हात स्टीअरिंगवर आणि नजर रस्त्यावर ठेवा.