यादीबाहेरचे दोघे

'धन्य' हा शब्द आपण यशस्वी माणसाला बहाल करतो. डोंगरावरच्या प्रवचनात येशू मात्र तो दीनांना, शोक करणाऱ्यांना, दयावंतांना देतो. हे कोडे मला वसईच्या संत गोन्सालो गार्सियांच्या कथेत उलगडले. व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन पंथाचे बंधू झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीच्या टेकडीवर त्यांना क्रूसावर मारले.

भर हिवाळ्यात क्योतोहून कैदी निघाले तेव्हा ते चोवीस होते. त्यांची सेवा करीत दोघे जपानी मागोमाग चालले. वाटेत त्यांनाही धरले. क्रूस उभे राहिले सव्वीस.

पवित्र म्हणजे देवासाठी वेगळा राखलेला. मी समजत होतो, वेगळा म्हणजे लोकांपासून दूर. हे दोघे तर दुःखितांच्या जवळ गेले, आणि त्यानेच वेगळे ठरले. रोमने १८६२ साली सव्वीसही जणांना संत म्हटले. धन्य ते वाटेवरच झाले होते.

शाळेत मीही याद्या करतो : पहिला, दुसरा, तिसरा. पडलेल्या सोबत्याचे दप्तर उचलणाऱ्या मुलासाठी माझ्या वहीत अजून रकाना नाही.