दूत दुसऱ्यांदा आला
(१ राजे १९:४-८)

एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवाने त्याला दोष लावला नाही. दूताकरवी भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले. मग दूत दुसऱ्यांदा आला. पुढची वाट एलीयाच्या शक्तीपलीकडची होती, म्हणून त्याला आधी खाऊ घातले.

आमच्या घरी पहिले बाळ आले आणि त्याची आई अशीच खचली. "विश्वास कमी पडतो, प्रार्थना कर," असे आम्ही तिला म्हणालो. तो आमचा अपराध होता. तिला आजार झाला होता. उपचारांनी ती बरी झाली.

आता दुसरे बाळ येणार आहे. हा आजार एकदा झाला की पुढच्या बाळंतपणातही होण्याचा संभव अधिक असतो. म्हणून आम्ही डॉक्टरांना मागची हकिकत आधीच सांगितली आहे. रात्री बाळाला कोणी घ्यायचे, हेही ठरले आहे. मरणाचे विचार आले, तर लाज न धरता तत्काळ दवाखाना गाठायचा.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळीत अशी माता असेल, तर उपदेश मागाहून करा. आधी जेवणाचा डबा न्या, थोरल्याला शब्बाथशाळेत न्या, तिला निजू द्या. आणि दुसऱ्यांदाही जा.