गाणे कुणाचे, कागद कुणाचा

गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे तिथे येतात, तारीख सांगतात आणि घासाघीस सुरू होते. चैत्र पौर्णिमेच्या आसपास बऱ्याच गावांच्या यात्रा एकदम येतात, म्हणून त्या रात्रींची सुपारी महाग आणि आडदिवसाची स्वस्त. भाव ठरला की इसार दिला जातो, करार लिहिला जातो. फडातल्या कलावंताने हंगामाआधी मालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत तो फडाला बांधलेला असतो. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही, उचलीखाली अनेकांची उमेदीची वर्षे गेली. तरी पैसा कुठून येतो, कुणाच्या हातातून जातो आणि वाटेत किती कापला जातो, हे तिथे ढोलकीवाल्यापासून सोंगाड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते.

घरातल्या खोलीत लॅपटॉपवर गाणे तयार करून ते जगभर पाठवणाऱ्या आजच्या तरुण संगीतकाराला यातले फारसे ठाऊक नसते. वाटेवर उभी असलेली माणसेच त्याला दिसत नाहीत. अमेरिकेत १९९८ मध्ये सीडी बेबी आणि २००६ मध्ये ट्यूनकोअर सुरू झाली, तेव्हापासून कंपनीच्या दारात न बसता गाणे दुकानात ठेवण्याची सोय झाली. आता थोडक्या वार्षिक वर्गणीत एखादा डिस्ट्रिब्युटर तेच गाणे स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक, जिओसावन, यूट्यूब असे सगळीकडे पोचवतो. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये रील्सवर स्वार होऊन देशभर गेले, तेव्हा त्याला आधी कुठल्या चित्रपटात यावे लागले नाही. ही मोकळीक खरी आहे आणि तिला नाके मुरडणाऱ्यांनी कॅसेट कंपन्यांचे जुने दिवस आठवून पाहावेत. मात्र मोकळीक मिळाली ती गाणे पोचवण्याची. हिशेबाचे काम होते तिथेच राहिले, आणि ते पूर्वीपेक्षा किचकट झाले.

पहिला गैरसमज दराचा. ‘एका स्ट्रीमला किती पैसे?’ हा प्रश्न सगळेच विचारतात, पण तसा ठरलेला दर बहुतेक ठिकाणी नसतोच. स्पॉटिफाय संगीतातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हक्कधारकांसाठी बाजूला काढतो आणि त्या त्या देशातल्या एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढा त्याला देतो. भारतातली वर्गणी युरोप-अमेरिकेच्या मानाने स्वस्त आणि फुकट ऐकणारे पुष्कळ, म्हणून नांदेडच्या श्रोत्याचे एक ऐकणे आणि ओस्लोच्या श्रोत्याचे एक ऐकणे यांची किंमत वेगळी पडते. शिवाय २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला तिथे काहीच मिळत नाही. डिस्कव्हरी मोड म्हणून आणखी एक सोय आहे. तिच्यात गाणे अधिक लोकांसमोर आणले जाते आणि तिथून आलेल्या रॉयल्टीतून ३० टक्के कापून घेतले जातात. ती घ्यावी की नाही, हा विक्रीचा निर्णय झाला. अनेक जण तिला फुकटातली जाहिरात समजतात.

याहून मोठी गफलत मालकीबाबत होते. कायद्याच्या दृष्टीने एका गाण्यात किमान दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही रचना एक, आणि ती रचना गाऊन-वाजवून केलेले ध्वनिमुद्रण, म्हणजे व्यवसायाच्या भाषेत मास्टर, दुसरी. डिस्ट्रिब्युटर सहसा फक्त मास्टरचे पैसे गोळा करतो. रचनेचे पैसे गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे, आपल्याकडे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयपीआरएसकडे जातात, आणि तिथे सभासद होऊन गाण्याची नोंद केली तरच ते रचनाकारापर्यंत पोचतात. स्वतःच लिहिणारा, स्वतःच चाल लावणारा आणि स्वतःच गाणारा स्वतंत्र कलावंत दोन्हींचा धनी असतो. बरेचदा तो एकाच खिडकीवर उभा राहतो आणि दुसरी खिडकी आहे हे त्याला वर्षानुवर्षे कळत नाही.

ही दुसरी खिडकी उघडायला भारतात मोठा काळ लागला. १९७७ मध्ये आयपीआरएस आणि पूर्व भारतातल्या चित्रपट निर्मात्यांची संघटना यांच्यातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांच्या बाजूने कौल दिला. मोबदला देऊन चित्रपटासाठी गाणे करून घेतले, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक निर्माता, असा त्याचा अर्थ. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडलेल्या टिपणात गायकाला या कायद्यात जागाच नाही याबद्दल नापसंती नोंदवली. त्याआधीच, साठच्या दशकात, गायकांना रॉयल्टीत वाटा हवा म्हणून लता मंगेशकर अडून बसल्या होत्या. एकदा गाण्याचे पैसे घेतले की संबंध संपला, असे मोहम्मद रफींचे मत होते, आणि या वादापायी दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. रफींचा दिलदारपणा लोकांना भावतो आणि लताबाईंच्या वाट्याला ‘व्यवहारी’ हे विशेषण येते, तेही कौतुकाने नव्हे. पण रफींनी सोडलेला पैसा गरीब वादकाच्या घरी गेला नाही, तो कंपनीच्या खात्यात राहिला.

गायकांना कलावंत म्हणून काही हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मिळाले, आणि २०१२ मध्ये, गीतकार जावेद अख्तर राज्यसभेत असताना, कॉपीराइट कायदा पुन्हा बदलला. आता चित्रपटगृहाबाहेर गाणे जिथे जिथे वापरले जाईल तिथे गीतकार आणि संगीतकार यांना बरोबरीचा वाटा आहे, आणि हा हक्क ते वारसांना किंवा त्यांच्या संस्थेला सोडून कुणाला लिहूनही देऊ शकत नाहीत. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणालाही हेच संरक्षण आहे. ‘सर्व हक्क कायमचे दिले’ अशा कागदावर सही झाली असली, तरी एवढा भाग कंपनीच्या हाती लागत नाही.

या कायद्यात स्वतंत्र कलावंताच्या उपयोगाच्या आणखी बऱ्याच गोष्टी आहेत. हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी आणि सहीनिशी. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही आणि करारात तसे काही म्हटलेले नसेल, तर तो परत येतो. ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो, त्यामुळे तासाने भाडे घेणारा स्टुडिओ आपसूक मालक होत नाही. आपला कायदा कलावंताच्या बाजूने झुकलेला आहे, निदान कागदावर तरी. स्वतंत्र कलावंताचे नुकसान परदेशी प्लॅटफॉर्म करतात, ही तक्रार अर्धीच खरी वाटते. त्याआधीचे नुकसान घरातच झालेले असते. चार मित्रांनी मिळून गाणे केले, चाल कुणाची आणि शब्द कुणाचे हे कुठेच लिहिले नाही, आणि गाणे चालल्यावर भांडणे लागली. कुणी नेटवरून भाड्याचा बीट घेतला, तोच बीट आणखी दहा जणांनी घेतलेला, आणि कंटेंट आयडी या यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेने त्याच्याच गाण्यावर भलत्याचा दावा लावला. टक्केवारीचा एक साधा कागद ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच सर्वांच्या सहीने झाला असता, तर यातली बहुतेक भांडणे उभी राहिली नसती. पण मित्राकडे सही मागणे म्हणजे संशय घेणे, अशी आपली समजूत आहे.

सगळे हक्क जवळ ठेवणे हाच शहाणपणा, असे मात्र नाही. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बममधली गाणी दरमहा एक याप्रमाणे इंटरनेटवर फुकट दिली. त्यामागे हिशेब होता. कंपनीकडून सीडीचे मिळून मिळून किती मिळते हे त्यांनी पाहिले होते आणि पोट मैफलींवर चालत होते, म्हणून गाणे फुकट वाटून मैफलीचा श्रोता वाढवणे त्यांना परवडणारे होते. याच्या उलट वाट क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ची. मराठी शब्द आणि हाऊस संगीत यांचे हे गाजलेले मिश्रण २०२४ मध्ये हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सच्या यादीत गेले. स्पिनिनची मालकी वॉर्नर म्युझिककडे आहे. स्वतंत्र कलावंतांचे गाणे बड्या कंपनीकडे गेले म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. जगभरच्या डीजेंपर्यंत पोचण्याची वाट त्या लेबलकडे तयार आहे, ती एकट्याने बांधायला आयुष्य लागेल. प्रश्न एवढाच की त्या वाटेच्या बदल्यात काय दिले, किती वर्षांसाठी दिले आणि आगाऊ मिळालेली रक्कम कुठल्या उत्पन्नातून वळती व्हायची आहे. नारायणगावचा कलावंत उचल घेताना हेच विचारतो.

हे सगळे शिकायचे कुठे? बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात संगीत व्यवसायाचा पदवी अभ्यासक्रम १९९२ पासून चालतो. आपल्याकडे विशारद, अलंकार झालेला विद्यार्थी रागांची वेळ, थाट, ठेके बिनचूक सांगतो आणि आयएसआरसी म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षरांचा ओळखक्रमांक, हे त्याने ऐकलेले नसते. गंमत अशी, की आधुनिक संगीतशिक्षणाच्या पायाशी उभे असलेले दोन मराठी पुरुष व्यवहाराला परके नव्हते. भातखंडे वकील होते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते संस्थानिकाच्या खजिन्यावर अवलंबून न राहता, लोकवर्गणी आणि तिकीट लावलेल्या जलशांच्या बळावर. पुस्तकेही स्वतःच छापून घेतली. मुंबईची त्यांची इमारत कर्जापायी १९२४ मध्ये लिलावात गेली, म्हणजे व्यवहाराचा कडू भागही त्यांनी भोगला. तरी त्यांच्या परंपरेतून आलेल्या परीक्षांत कराराचा एक धडा नाही. बालगंधर्वांच्या नाटक कंपनीवरच्या कर्जाच्या कथा आपण हळहळत सांगतो आणि हिशेबाकडे दुर्लक्ष हे थोर कलावंताचे लक्षण ठरवून मोकळे होतो.

आजचे शिक्षण यूट्यूबच्या व्हिडिओंतून आणि व्हॉट्सअॅप ग्रुपमधून होते. त्यातले बरेचसे अमेरिकेच्या कायद्यावर बेतलेले असते, आणि अमेरिकेची यंत्रणा वेगळी. कामाच्या बारीकसारीक गोष्टी त्यात हरवतात. उदाहरणार्थ, जून २०२१ पासून यूट्यूब अमेरिकी प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर तिथला कर कापतो. कराचा फॉर्म भरला तर भारताशी असलेल्या करारानुसार १५ टक्के, आणि वैयक्तिक खाते असून काहीच माहिती दिली नाही तर जगभरच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत. पंधरा मिनिटांचे काम आहे. काही डिस्ट्रिब्युटरची वर्गणी थांबली की गाणी दुकानांतून उतरतात, ही अटही सही करताना कुणी वाचत नाही.

एक आक्षेप रास्त आहे. कलावंताने रियाज करायचा की टक्केवारी मांडत बसायचे? सगळ्यांनीच वकील व्हावे असे नाही. पण व्यवस्थापक ठेवायचा, तरी तो काय करतो हे समजण्याइतके ज्ञान लागतेच, नाहीतर व्यवस्थापकाशी केलेला करार हाच पहिला फसवा कागद ठरतो. आणि ज्ञान असले म्हणून पैसा येतोच असेही नाही. हजार स्ट्रीमचा उंबरा ओलांडू न शकणारी गाणी असंख्य आहेत आणि त्यांच्या कर्त्यांना पोटासाठी शिकवण्या, लग्नातल्या मैफली, जाहिरातींची कामे करावीच लागतात.

नवा पेच आवाजाचा आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल रोखली आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसेच संरक्षण दिले. नावाजलेल्या गायकाला कोर्टात उभे राहता येते. जाहिरातीसाठी किंवा डेमोसाठी तासाभराच्या मानधनावर गाऊन येणाऱ्या मुलीला ते परवडत नाही. कराराच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाला जुनी सही लागू होत नाही, ते माध्यम करारात स्पष्ट नमूद असावे लागते, असे २०१२ च्या दुरुस्तीत म्हटले आहे. यंत्राला शिकवण्यासाठी आवाज वापरणे मात्र आता अस्तित्वात आले आहे. त्यामुळे यापुढच्या करारांत ते एखाद्या उपकलमात, बारीक टायपात, सरळ नाव घेऊन लिहिलेले असू शकते.