पंक्तिप्रपंच

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो न जातो, तोच नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडच्या कितीतरी घरांना कुलपे लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयते ऊसतोडीला निघतात. कोयता म्हणजे तिकडे नवराबायकोची जोडी. (हत्याराच्या नावाने माणसे मोजायची ही रीत मला काही केल्या पचत नाही.) मागे आजी असेल तर मुले गावात राहतात, नसेल तर आईबापांबरोबर कोपीत जातात आणि धाकट्या भावंडाला सांभाळतात. गळीत हंगाम संपला की मुलगा परत येतो. तोवर वर्ग अपूर्णांकांवर जाऊन पोहोचलेला असतो आणि हा अजून जोडाक्षराशी अडखळतो आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने त्याला वयाच्या मानाने पाचवीत बसवायचे ठरवले, ते योग्यच झाले. त्याच कायद्याने मागे पडलेल्यासाठी खास शिकवणीचा हक्कही दिला. बसवण्याचे काम सोपे असते; ते तेवढे लवकर होते.

आता या वर्गावर एक सज्जन मास्तर आहेत असे समजू या. ते कोणाला मारीत नाहीत, कोणाची जात विचारीत नाहीत. सगळ्यांना एकच धडा तितक्याच आस्थेने शिकवतात. ‘माझ्या वर्गात पंक्तिप्रपंच नाही,’ असे ते अभिमानाने सांगतील, आणि ते खोटेही नाही. परंतु दिवाळीच्या पंगतीत दात न आलेल्या पोरापुढे सर्वांसारखीच चकली ठेवली, तर वाढणाऱ्याचा न्याय झाला. पोर मात्र उपाशीच उठले! अशा पोराला आपण काय म्हणतो? ‘ढ’. ब्राह्मी लिपीपासून सगळी अक्षरे बदलली, एक ढ तेवढा होता तसाच राहिला, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ढ म्हणू लागले असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, त्या शब्दात आपली मोठी सोय आहे. मुलगा ढ ठरला की शिकवणे कमी पडले का, हा प्रश्नच उरत नाही.

या प्रश्नाला नगरात जुना इतिहास आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाई 1839 च्या सुमारास येथे आल्या आणि 1862 साली येथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचे शिक्षण घेतले ते त्यांच्याचपाशी. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की शाळा काढायला निघालेल्या त्या घराने शिकवण्याची विद्याही मुद्दाम मिळवली. नुसती कळकळ पुरेल असे धरले नाही. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त छापून आला, 1842 साली नगरलाच सुरू झालेले ते पत्र. पुढे 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षकाला प्रशिक्षण हवे आणि पगार निदान बारा रुपये हवा असे मांडले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा असेही सांगितले. मुलाच्या घरचे ज्याला ठाऊक आहे, तोच त्याचे अडते कुठे हे ओळखणार.

अडते कुठे हे ओळखणे, ही मला चांगल्या शिकवण्याची निम्मी विद्या वाटते. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने तिची एक अगदी साधी रीत घालून दिली. कागदावर अक्षरे, शब्द, एक उतारा आणि एक गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला लावायचे. मग दिवसातला काही वेळ इयत्ता विसरून तिसरी ते पाचवीची मुले वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवायची, आणि पायरी बदलली की गट बदलायचा. 2005 पासून याच कागदाने देशभर पाहणी होते. पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीची गोष्ट धड वाचता येत नाही, असे ती वर्षानुवर्षे सांगत आली आहे. म्हणजे बिचाऱ्या कोयत्यांच्याच पोरांचा हा प्रश्न नाही. या रीतीत ‘तू ढ आहेस’ या जागी ‘तू आज शब्दांवर आहेस’ एवढेच म्हटले जाते. वाक्य लहान आहे, पण त्यात उद्याला जागा आहे. गट कायमचे झाले तर मात्र तोच ढ नव्या बाकावर बसेल, एवढी सावधगिरी हवी.

येथे एक आई विचारील, आणि तिने विचारलेच पाहिजे: ‘माझी मुलगी शिष्यवृत्तीला बसली आहे. मास्तरांचे लक्ष मागच्यांकडे गेले, तर तिने काय करायचे?’ लक्ष ही वाढवता न येणारी वस्तू आहे. एकाला दिले की दुसऱ्याचे घटते. तिचे नुकसान होतच नाही, असे खोटे समाधान मी तिला देणार नाही. पण शिष्यवृत्तीच्या फळ्यावर नाव झळकावे म्हणून ज्यादा तास होतात, सुट्टीत वर्ग भरतात, तेव्हा या मुलीला दिलेले लक्ष कोणाच्या वाट्याचे होते, असे कोणी विचारले नाही. तिच्या घरी पुस्तके आहेत, विचारायला आई आहे. ऊसतोडीहून आलेल्या पोराच्या पदरात मास्तरांचा तो एक तासच आहे, आणि तोही चैत्रातला, परीक्षा तोंडावर आलेली असताना.